नातीचं नाव ‘रोवन’: बारशाला कुठलं नाव ठेवू?

भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका आजींचं पत्र आलं आहे. मुलगा नोकरीसाठी आयर्लंडला गेला आणि तिथल्याच टिपरेरी परगण्यातल्या मुलीशी त्याने लग्न केलं. गेल्या सप्टेंबरच्या शेवटी त्यांना मुलगी झाली, तिचं नाव ‘रोवन’. मे महिन्याच्या अखेरीस तिघं गावी येणार आहेत आणि घरी बारसं करायचं ठरलं आहे. आजी लिहितात:

“नाव कळलं तेव्हापासून जिवाला चैन नाही. नणंद म्हणाली, हे तर मिस्टर बीनचं नाव, पोरीला पोराचं नाव कोण ठेवतं? शेजारणी विचारतात, ‘रोहन’ म्हणालात का? पुतण्याने मोबाइलवर अर्थ शोधला. एके ठिकाणी ‘झाड’ निघालं, दुसरीकडे ‘लाल केसांचा’. नातीचे केस तर माझ्या मुलासारखे काळेभोर आहेत. सून फोनवर काहीतरी सांगत होती, तिच्या आजोळशी या नावाचं काही नातं आहे म्हणे, पण तिचं इंग्रजी मला उमगत नाही आणि मुलगा कामात असतो. माझ्या लग्नात तांदळात अंगठीने लिहून माझं नाव बदललं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं त्याच नावाने हाक ऐकते आहे. आता नातीला तरी आपल्यातलं नाव असावं, एवढीच इच्छा. पत्रिकेतल्या अक्षरावरून बारशाला दुसरं नाव ठेवायचं आणि गावात तेच सांगायचं, असं मी मनाशी ठरवलंय. माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, म्हणते की ते परकं नाव मी बाळाच्या कानात सांगणार नाही. माझं काही चुकतंय का?”

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मन ‘रोवन’वर अडकलं, दुसऱ्या वेळी तांदळातल्या अंगठीवर. अंगठीकडे मी वळणारच आहे. पण तुम्ही विचारलंय ते नावाबद्दल, आणि पुतण्याच्या मोबाइलने त्या नावाच्या नुसत्या चिंध्या तुमच्या हातात दिल्या आहेत. त्या आधी नीट जोडू.

तुमच्या सुनेच्या देशात इंग्रजीशिवाय एक जुनी भाषा आहे, आयरिश. मुलं ती शाळेत शिकतात, रस्त्यांवरच्या पाट्यांवर गावांची नावं त्या भाषेतही लिहिलेली असतात. या भाषेत ‘रुआ’ म्हणजे तांबडा. भडक लाल रंगाला तिथे वेगळा शब्द आहे. केसांचा, जनावराच्या अंगाचा जो तांबूसपणा असतो त्याला ‘रुआ’ म्हणतात. कोल्ह्याचं आयरिश नाव ‘माद्रा रुआ’, म्हणजे तांबडं कुत्रं. आपणही तांबड्या गाईला ‘लाल गाय’ म्हणत नाही, तिला ‘तांबू’ म्हणून हाक मारतो. रंगांकडे बघायची ती दृष्टी तुम्हाला समजावून सांगायला नको. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांशी लढलेला, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचा सरदार ह्यू ओडोनेल तर इतिहासात ‘तांबडा ह्यू’ म्हणूनच ओळखला जातो, त्याच्या केसांवरून.

या ‘रुआ’ला ‘आन’ हा लाडाचा प्रत्यय लागतो आणि नाव होतं ‘रुआन’. तांबूस केसांचं इवलंसं पोर. आपण सोन्याचं ‘सोनुलं’ करतो, तशातलाच हा प्रकार. जुन्या लिखाणात या नावाच्या मधोमध ‘द’ आणि ‘ह’ अशी अक्षरं असतात, पण बोलताना ती विरून जातात. रंगावरून अशी लाडाची नावं तिथे आणखीही आहेत: ‘किआरान’ म्हणजे काळा-सावळा, ‘फिनान’ म्हणजे गोरा. पुढे इंग्रजांच्या अमलात आयरिश नावं इंग्रजी कानांना जशी ऐकू आली तशी दप्तरात चढत गेली. ‘रुआन’चं ‘रोवन’ झालं. ‘रुआनचे वंशज’ असं सांगणारं एक आडनावही आहे, त्याचंसुद्धा इंग्रजीत कुठे ‘रुएन’, कुठे ‘रोवन’ झालं. हे आडनाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या सुनेच्या टिपरेरीचीच आहे. त्या परगण्यात लोरा नावाचं एक लहान गाव आहे. सहाव्या शतकात तिथे रुआन नावाच्या संताने मठ स्थापला. ‘आयर्लंडचे बारा प्रेषित’ म्हणून जे संत तिथे मानले जातात, त्यांतला हा एक. परंपरेने त्याचं मृत्युवर्ष ५८४ धरतात आणि १५ एप्रिलला त्याचा दिवस असतो. आख्यायिका अशी की टारा म्हणजे आयर्लंडच्या राजाची जुनी गादी; तिथल्या राजाच्या माणसाचा खून करून एक जण या संताच्या आश्रयाला आला. राजाने आश्रय मोडून त्याला पकडून नेलं. तेव्हा रुआन आपल्या सोबत्यांना घेऊन राजाविरुद्ध उपवासाला बसला आणि शेवटी त्याने शाप दिला, तुझं टारा ओस पडेल. उपाशी बसून बलवानाला जाब विचारणं ही त्या काळच्या आयर्लंडच्या कायद्यात मान्य असलेली रीत होती. देणेकरी मोठा माणूस असेल तर घेणेकरी त्याच्या दाराशी अन्न सोडून बसत असे. आपल्याकडच्या ‘धरणं धरण्या’शी तिथले आणि इथलेही अभ्यासक याची तुलना करत आले आहेत. तेव्हा ताई, कुणी म्हणालं की या नावाला काही अर्थ-परंपरा नाही, तर एवढं तरी सांगता येईल की चौदाशे वर्षांपूर्वी दिलेल्या शब्दासाठी राजाच्या दारात उपाशी बसणाऱ्या माणसाचं ते नाव आहे.

पण मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो पुढच्या गोष्टीचा. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवलं, म्हणून असेल कदाचित.

आयरिश आणि संस्कृत या दूरच्या बहिणी आहेत, एकाच प्राचीन भाषाकुळातल्या. त्यांच्याकडे राजाला ‘री’ म्हणतात, आपल्याकडे ‘राजा’. दोन्ही शब्दांचं मूळ एक. तसंच या ‘रुआ’चंही. ज्या मुळातून आयरिशमध्ये ‘रुआ’ आला, त्याच मुळातून संस्कृतात ‘रुधिर’ आला, ‘लोहित’ आला, आणि ‘रोहित’ आला. रोहित म्हणजे तांबडा. तुमच्या जिल्ह्यातल्या तलावांत जो रोहू मासा मिळतो, त्याचं नावही या ‘रोहित’वरूनच आलंय, त्याच्या खवल्यांवरची तांबूस झाक तुम्ही पाहिली असेल. आणि ‘रोहित’चं स्त्रीलिंगी रूप काय होतं? रोहिणी. संस्कृतात तांबड्या गाईला रोहिणी म्हणत. आकाशातली रोहिणीची चांदणी हिवाळ्याच्या रात्री एकदा अंगणात उभं राहून निरखून बघा. आजूबाजूच्या चांदण्या पांढऱ्या आणि ही एकटी केशरी-तांबडी दिसते.

म्हणजे शेजारणींना ‘रोवन’मध्ये ‘रोहन’ ऐकू येतो, ती फक्त कानाची फसगत. ‘रोहन’ हा ‘रुह्’ म्हणजे उगवणं, वर चढणं या धातूपासून आलेला, त्याचं कूळ वेगळं. अर्थाने, मुळाने ‘रोवन’ची खरी बहीण आहे रोहिणी. तुमच्या घरात येणारी मुलगी परक्या नावाची आहे असं तुम्ही धरून चाललात, आणि तिचं नाव तुमच्या पंचांगात आधीच बसलेलं आहे. मे महिन्याच्या शेवटी येणार म्हणता ना? २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. रोहिण्यांत ती तुमच्या दारात उतरणार.

आता झाडाकडे वळू, कारण पुतण्याला सापडलेला तो अर्थही खोटा नाही. इंग्रजीत ‘रोवन’ नावाचं एक झाड आहे. ते थंड डोंगरउतारावर वाढतं, फार मोठं होत नाही, पान कडुनिंबासारखं, दांडीच्या दोन्ही बाजूंना बारीक पानं असलेलं असतं आणि उन्हाळा सरता सरता त्याला लालबुंद फळांचे घोस लागतात. फळ वाटाण्याएवढं. उलटं करून पाहिलं तर तळाशी पाच टोकांची चांदणी कोरल्यासारखी दिसते. आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोकांचा या झाडावर फार विश्वास. दुष्ट नजर, जादूटोणा यांपासून ते राखतं, म्हणून घराजवळ लावायचं. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी त्याची डहाळी गोठ्याला बांधायची, म्हणजे गुरांना आणि दुधा-लोण्याला बाधा होत नाही. आपण दाराला निंबाचा डहाळा बांधतो, त्यामागचं मन काही वेगळं नाही.

झाडाचं हे इंग्रजी नाव मात्र आयरिश नाही. ते उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून इंग्रजीत आलं. आयरिशमध्ये या झाडाला निराळंच नाव आहे, फळांवरून पडलेलं. संताचं नाव एका वाटेने आलं, झाडाचं दुसऱ्या वाटेने, आणि इंग्रजीत दोन्हींचा उच्चार आणि लेखन एक होऊन बसलं. म्हणून मोबाइलवर कुठे ‘झाड’ दिसतं, कुठे ‘लाल केस’. तुमची नात सप्टेंबरच्या शेवटी जन्मली. त्या दिवसांत तिथे ही झाडं फळांनी लाल झालेली असतात. सुनेच्या मनात झाड होतं की संत, की आणखी काही, ते तिलाच ठाऊक.

तुम्ही धानाच्या मुलखातल्या, म्हणून आणखी एक सांगावंसं वाटतं. तुमच्याकडे पऱ्हे उपटून चिखलात लावतात त्याला रोवणी म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे हा शब्द असा वापरत नाहीत. तुमच्या गावात ‘रोवन’ हे नाव उच्चारलं की बायांच्या कानात पहिल्यांदा रोवणीच वाजेल. हा निव्वळ ध्वनीचा योगायोग, यात भाषेचं नातं शोधायला जाऊ नका. तरी परदेशी नाव आपल्या तोंडात रुळायला असा एखादा धागा पुरतो. पुण्या-मुंबईच्या आजीला हा धागा मिळाला नसता.

आता ‘पोराचं नाव’ हा आक्षेप. नणंदबाई अगदीच चुकल्या असं मी म्हणणार नाही. मूळ आयरिश रूपात, ‘आन’ प्रत्ययासकट, हे पुरुषाचंच नाव आहे आणि आयर्लंडमध्ये आयरिश लेखनात ते मुलांनाच ठेवतात. मिस्टर बीन साकारणारे रोवन ॲटकिन्सन पुरुष, कँटरबरीचे माजी आर्चबिशप रोवन विल्यम्स पुरुष. पण इंग्रजी रूपात आल्यावर नाव मोकळं झालं. अमेरिकेत रोवन ब्लँचर्ड ही तरुण अभिनेत्री आहे, आणि आज इंग्रजी बोलणाऱ्या देशांत मुली-मुलगे दोघांनाही हे नाव सर्रास ठेवतात. मला वाटतं, मुलींकडे ते वळायला त्या झाडाने हातभार लावला असणार. झाडा-फुलांची नावं मुलींना ठेवायची तिकडे जुनी हौस आहे, आपल्या जाई-जुई-शेवंतीसारखी.

आणि ताई, आपल्याकडे तरी नावाची अशी वाटणी कुठे पक्की आहे? माझ्या एका वर्गात दोन स्नेहल होते, एक मुलगा, एक मुलगी. हजेरी घेताना ‘स्नेहल’ म्हटलं की दोघंही एकदम ‘हजर’ म्हणायचे, आणि साऱ्या वर्षात त्यांना त्याचं काही वाटलं नाही. किरण, प्रांजल, शशी ही नावं घ्या. किरण शब्द संस्कृतात पुल्लिंगी, म्हणून किरणताईंना कुणी नाव बदला म्हटलं का? नावाचं लिंग व्याकरण सुरुवातीला ठरवतं. पुढे ते हाक मारणारी माणसंच ठरवतात.

केसांचंही तसंच. काळ्याभोर केसांच्या मुलीला तांबड्या केसांचं नाव कसं, असं तुम्ही विचारता. आपल्याकडे किती सावळ्या मुलींचं नाव गौरी असतं आणि किती गोऱ्या मुलांचं कृष्णा! त्यांच्या आईबापांना रंग दिसत नव्हता असं थोडंच आहे. त्यांना नावामागची देवी दिसत होती, किंवा घरातलं कुणी गेलेलं माणूस दिसत होतं. बाळाच्या केसांशी नावाचा अर्थ जुळवायला गेलं तर अर्ध्या महाराष्ट्राला नवी नावं शोधावी लागतील.

इथवर शब्दकोशातलं झालं. आता अंगठीकडे येते.

तुम्ही लिहिलंत, लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. ते ताट मला डोळ्यांपुढे दिसतं. तांदूळ पसरलेले, नवऱ्याच्या हातात सोन्याची अंगठी, तांदळात उमटणारी अक्षरं, आणि भोवती बायकांची कौतुकाची कुजबूज. दोन मिनिटांत ते तांदूळ परत एकत्र होतात आणि माहेरची मुलगी त्या ताटात राहून जाते. माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी ते सोसलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तुम्ही काढलात. चाळीस वर्षांनी काढलात, नातीच्या निमित्ताने.

तुम्हाला एक विचारते, रागावू नका. बारशाला दुसरं नाव ठेवायचं आणि गावात तेवढंच सांगायचं, हे तुम्ही ठरवलंत, तेव्हा सुनेला विचारायचं मनात आलं का? तुमच्या बेतात आणि त्या ताटात मला फार अंतर दिसत नाही. तिथे सुनेला विचारलं नव्हतं, इथेही सुनेला विचारलेलं नाही.

दुसरी गोष्ट, आणि हा फक्त माझा अंदाज आहे. सून म्हणाली, या नावाचं आजोळशी नातं आहे. मघाशी एक आडनाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं. आयर्लंडमध्ये काय किंवा इंग्रजी बोलणाऱ्या इतर देशांत काय, आईकडचं किंवा आजीकडचं आडनाव बाळाला पहिलं नाव म्हणून ठेवायची रीत आहे. तिकडेही लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत आलंय आणि माहेरचं आडनाव कागदावरून पुसलं जात आलंय. तुमच्या सुनेच्या आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव ‘रोवन’ असेल, तर तिने काय केलंय ते बघा. लग्नात पुसलेलं एका बाईचं नाव तिने आपल्या लेकीला परत दिलंय. तुमच्या ताटातल्या तांदळांची गोष्ट समजून घेईल असं माणूस मग तुमच्याच घरात आहे, आणि तुम्ही दोघी अजून त्यावर बोललेल्या नाहीत.

माझा अंदाज चुकीचाही असेल. कदाचित आजोबांचं नाव असेल, कदाचित आजोळच्या अंगणात ते झाड असेल. म्हणून बारशाआधी पहिलं काम हेच: विचारा. भाषा येत नाही ही अडचण खरी आहे, पण लहान आहे. पुतण्याला शेजारी बसवा आणि एका रविवारी व्हिडिओ कॉल लावा. मुलाला आधी सांगा, अर्धा तास दुसरं काही नको, फक्त तू आमच्या दोघींचा दुभाषा हो. सुनेला विचारा, हे नाव कुणाचं आहे, तुला ते का ठेवावंसं वाटलं, आणि तुमच्या घरात ते कसं उच्चारतात. उच्चार तिच्याच आवाजात मोबाइलवर मागवून घ्या. इंग्रजीत तो ‘रोअन’च्या जवळ जातो, ‘व’ अगदी हलका असतो. तुमच्या तोंडी ‘रोवन’ आला तरी काही बिघडत नाही, पण एकदा नीट ऐकून ठेवा. आणि मग, मनात येईल तर, तिला ताटाची गोष्ट सांगा.

आता बारशाचं. तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात. पहिली, तुम्ही ठरवलेली: दुसरं नाव ठेवून गावात तेच चालवायचं. ही वाट मला पटत नाही. बारशाच्या दिवशी सगळं पार पडेल, पण ती मुलगी आठ वर्षांची होऊन सुट्टीत गावी येईल तेव्हा काय? आजी आपलं खरं नाव उच्चारत नाही, चारचौघांत चोरून ठेवते, हे पोरांना चटकन कळतं. कुणी सांगावं लागत नाही.

दुसरी वाट म्हणजे बारशाला फक्त ‘रोवन’ म्हणायचं, दुसरं काहीच नाही. यात कुणाचा अपमान नाही. पण तुमचा हात त्या नावाला लागलेला नसेल, आणि तुमच्या पत्रातली तहान मला खरी वाटते. आजीला नातीच्या नावात थोडी जागा हवी असते. ती मागण्यात काही गैर नाही.

म्हणून मला तिसरी वाट बरी वाटते. आपल्याकडे पाळण्यातलं नाव आणि हाकेचं नाव वेगळं असण्याची रीत आहेच. कित्येकांना आपलं पाळण्यातलं नाव मोठेपणी आत्याकडूनच कळतं. हाकेचं, कागदावरचं, जगातलं नाव ‘रोवन’ राहू द्या, आणि सुनेला-मुलाला विचारून पाळण्यातलं नाव ‘रोहिणी’ ठेवा. नाव तेच, अर्थ तोच, एकदा त्यांच्या भाषेत आणि एकदा आपल्या. पत्रिकेतल्या अक्षराचं नाव हवंच असेल तर ते पत्रिकेत जन्मनाव म्हणून लिहा, त्याची हाक करायची गरज नाही. रोहिणी तुम्हाला नाही आवडलं तर दुसरं सुचवा, पण विचारून. दोघं नको म्हणाले तर पहिल्या वाटेकडे मागच्या दाराने जाऊ नका.

आत्याला मी दोष देणार नाही. नणंदेने आधीच ‘मिस्टर बीन’ करून ठेवल्यावर कुणालाही अवघड वाटेल. तिला रोहिणीची गोष्ट सांगा. बारशाला आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ होतं, मग आत्या बाळाच्या कानाशी जाते. तिने आधी ‘रोहिणी’ म्हणावं, मग ‘रोवन’, आणि मग कुर्रर्र. पाठीवर धपाटे पडायचे ते पडतीलच. सुनेला हे सगळं आधी समजावून सांगा हं, नाहीतर बिचारी घाबरेल की आत्याला मारताय का! जमलंच तर तिलाही बाळाच्या दुसऱ्या कानाशी वाकायला सांगा, तिच्या आजोळच्या उच्चारात तिला ते नाव सांगू दे.

गावात कुणी अर्थ विचारला तर भाषाशास्त्र सांगत बसू नका. “तांबडी, रोहिणीसारखी, आमच्या सुनेच्या परगण्यातल्या संताचं नाव आहे,” एवढं पुरे. कुणी तरीही ‘पोराचं नाव’ म्हणालं तर त्यांच्या ओळखीतल्या एखाद्या किरणताईची आठवण करून द्या.

हे पत्र वाचणाऱ्या परदेशातल्या तरुण आईबापांनाही दोन शब्द. आयर्लंडमध्ये जन्माची नोंद तीन महिन्यांच्या आत करावी लागते, गावी येऊन बारसं होईपर्यंत थांबायला नेहमीच वेळ नसतो, हे इथल्या आजी-आजोबांना माहीत नसतं. त्यांना वाटतं आपल्याला डावललं. नाव नोंदवण्याआधी एक फोन करा. संमती मागायलाच हवी असं नाही, पण गोष्ट सांगा. नुसता फोटो आणि नाव व्हॉट्सॲपवर टाकलं की अर्थ शोधायचं काम पुतण्यांच्या मोबाइलकडे जातं, आणि नावांच्या याद्या भाषा-भाषांची सरमिसळ करून कसलाही अर्थ चिकटवतात. नाव कुठल्या भाषेतलं, मूळ रूप कोणतं, ते माणसाचं की झाडाचं की गावाचं, एवढं स्वतः तपासा आणि घरच्यांना तुमच्या आवाजात ऐकवा. पासपोर्टवर आणि तिथल्या जन्मदाखल्यावर स्पेलिंग एकच राहील याची काळजी घ्या. पाळण्यातलं नाव कागदावर आणायचा आग्रह धरू नका.

परक्या नावापुढे आपलं आडनाव कसं दिसेल, हेही मनावर घेऊ नका कुणी. आयर्लंडचे पंतप्रधान राहिलेले लिओ वराडकर यांचं पहिलं नाव लॅटिन, अर्थ सिंह, आणि आडनाव मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं. वडिलांचं घराणं तिथलं, आई आयरिश. दोन्ही नावं एकमेकांशेजारी सुखाने राहिली आणि त्या देशाच्या पंतप्रधानपदापर्यंत गेली. तुमच्या नातीच्या नावातही तिच्या आईचा टिपरेरी परगणा आणि तुमचं भंडाऱ्याचं गाव असे शेजारी बसतील.

बारसं झालं की मला कळवा, ताई. आणि त्या पत्राखाली सासरच्या नावाशेजारी तुमचं माहेरचं नावही लिहा. इथे छापणार नाही. मला तुम्हाला त्या नावाने एकदा उत्तर लिहायचं आहे.